माझा जबडा परत लावा

दोलमोरी,
ता. १४ फेब्रुवारी २०१३

चि. पिल्नाम हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू पाठवलेलं मुळ्याचं लोणचं पोचलं. बरणीचं झाकण सैल होतं, पोस्टातल्या बाईच्या टेबलावर रस सांडला आणि तिने मला दोन शब्द सुनावले. पुढच्या वेळी झाकणाला दोरा बांध. सोलमध्ये एवढी वर्षं तोंडीलावण्यांचं दुकान चालवतेस आणि झाकण लावता येत नाही.

नवं वर्ष गेलं. मिरिम आली नाही. तिच्या वाटणीचं तांदळाच्या चकत्यांचं सूप मी ताटावर ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी चकत्या फुगून लगदा झाला, तो मीच खाल्ला. मागच्या वर्षीच्या दोन्ही सणांनाही ती आली नव्हती. म्हणजे आता तीन सण झाले. तिच्या आईच्या श्राद्धालाही आली नाही. कामाचं निमित्त सांगते. फोन करते, पण तुला ठाऊक आहे, फोनवर मला नुसता वारा ऐकू येतो. बाकी निरोप ती मुखियाच्या फोनवर लिहून पाठवते, म्हणजे आधी त्याची बायको वाचते, मग मला सांगते. म्हणून तुला पत्र लिहितो आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेही लढाईने मधेच तुटलं. अक्षर लावून घे.

एक गोष्ट मी तुला सांगितली नव्हती. सव्वा वर्षापूर्वी ती एका दिवसासाठी आली होती. तोंडाला मास्क होता. सर्दी आहे म्हणाली. जेवलीही पाठ करून. ती गेल्यावर मी कपाटातला अल्बम उघडला तर तिचा एकही फोटो नाही. जिथे ती एकटी होती तिथला फोटोच काढून नेलेला. शाळेच्या पदवीदानाच्या दिवशी मी, ती आणि तिची आई उभे होतो, त्यात मी आहे, तिची आई आहे आणि मधे कात्रीने कापलेलं भोक आहे. भोकातून मागचा काळा पुठ्ठा दिसतो.

काय झालंय तिला? कुणा पंथात गेली का? आजारी आहे का? मुखियाची बायको म्हणते, तिकडे पोरी तोंड कापून घेतात. मी तिला म्हटलं, आमची पोर तसली नाही. तिला माझा जबडा आहे, सेनापतीचा जबडा. लहानपणापासून अख्खा गाव तिला सेनापती म्हणतो. पण त्या दिवसापासून मला भात गिळवत नाही. तू तिथे आहेस. जाऊन बघ. आणि तिच्या डोक्यात कुणी काही भरवलं असेल तर मला त्याचं नाव कळव.

सोबत खायच्या समुद्री शेवाळाचे शंभर ताव आणि युजा लिंबाचा मुरांबा पाठवतो आहे. अर्धा तिला दे. माया आहे ती तशीच राहू दे.

तुझा,
दादा

——

सोल,
ता. २३ फेब्रुवारी २०१३

ती. दादास,
पिल्नामचा सा. न. वि. वि.

लोणच्याचा रस सांडला, बरं झालं, पोस्टात तेवढीच चव गेली. शेवाळ मिळालं. या वर्षीचं पातळ आहे, तुझ्या केसांसारखं.

दादा, आता बसून वाच. चुलीवर काही असेल तर उतरवून ठेव.

मी तिला शब्द दिला होता की तुला सांगणार नाही. तो आज मोडते आहे. मुखियाची बायको मूर्ख आहे, पण या वेळी तिचं खरं आहे. दीड वर्षापूर्वी मिरिमने तोंडाचं ऑपरेशन करून घेतलं. जबड्याचं हाड दोन्ही बाजूंनी तासलं आणि गालांची हाडं कापून आत ढकलली. मलाही आधी सांगितलं नाही. सूज उतरल्यावर दुकानात आली. टरबुजाच्या बीसारखं तोंड, बारीक हनुवटी. दोन महिने मी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगत होते, ही माझी भाची.

मग गाल उतरायला लागले. खाली हाड उरलं नाही, मांस धरून कोण ठेवणार? तंबूची काठी काढल्यावर कापड लोंबतं तसं झालं. डाव्या बाजूचा खालचा ओठ आणि हनुवटी बधिर झाली ती झालीच. दवाखान्याने सांगितलं, घाबरू नका, मांडीतली चरबी काढून गालात भरू. गेल्या उन्हाळ्यात भरली. तीन महिने पुन्हा गोल चंद्र. मग ती चरबी विरघळली, आणि सारखी तरी विरघळावी? डावीकडची जास्त गेली, उजव्या डोळ्याखाली गाठ उरली. अठ्ठावीस वर्षांची पोर, दादा. मागच्या महिन्यात एक म्हातारी मला विचारते, ही तुझी धाकटी बहीण का. क्षणभर मला बरं वाटलं, एवढी मी तरुण दिसते म्हणून. मग तिच्याकडे पाहिलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो दवाखाना बंद पडला. पाटी गेली, तिथे आता चष्म्याचं दुकान आहे. कागद नाहीत, जुने फोटो नाहीत. जो डॉक्टर तिच्याशी गोड बोलला त्यानेच कापलं की भूल दिल्यावर दुसराच कुणी आला, हेही तिला माहीत नाही.

कचेरीतली नोकरी तिने सोडली. आता एका गोदामात खोकी बांधते, तिथे दिवसभर मास्क चालतो. आणि आता नवा दवाखाना शोधला आहे. तिथली बाई म्हणते, एकाच दिवसात सगळं भरून देऊ, हाडाच्या जागी प्लास्टिक बसवू. मी पाया पडले. ती ऐकत नाही. तू काहीतरी लिही, पण मी सांगितलं असं लिहू नकोस.

तुझी धाकटी,
पिल्नाम

——

दोलमोरी,
ता. ४ मार्च २०१३

चि. मिरिम हिस,
बाबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी बरा आहे. गुडघा दुखतो. तू कशी आहेस?

मला कुणी काही सांगितलेलं नाही. बापाला अशा गोष्टी कळतात. तू पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर झोपणार आहेस असं मला कळलं आहे. झोपू नकोस. मी हात जोडून लिहितो आहे. पलीकडच्या वाडीतला जाळी विणणारा, ज्याने तुला लहानपणी खेकडा दिला होता, तो नुसता पित्ताशयासाठी गेला होता, भुलीतून उठलाच नाही. त्याचे बूट अजून दारात आहेत. त्याची बायको ते उचलत नाही.

घरी ये. मास्क लावून ये. मी बघणार नाही. तू म्हणशील तर मी जेवताना भिंतीकडे तोंड करून बसेन. नवीन रजई केली आहे. रात्री मला झोप लागत नाही, तुझा जबडा कुठे ठेवला असेल त्यांनी, असले विचार येतात. हाड कापतात ते फेकतात की काय करतात?

हे तुझ्या डोक्यात कुणी भरवलं? तुझ्या खोलीतली ती उंच मैत्रीण का? की कचेरीतल्या कुणी तोंडावरून टोमणा मारला? मला नाव सांग. मी म्हातारा असलो तरी कोयता अजून चालवतो. बसने पाच तास लागतात, मी येईन आणि त्याला विचारेन की माझ्या पोरीच्या तोंडाला काय वाईट होतं.

दुसरी बातमी म्हणजे कल्याण केंद्राच्या लोकांनी आम्हा म्हाताऱ्यांचे फोटो काढले. वेळ आली की लावायला सगळे तयार करून ठेवतात, मीही काढून घेतला. तुझ्या आईच्या वेळी आपल्याकडे चांगला फोटो नव्हता, किती धावाधाव झाली ते तुला आठवत असेल. मी कोट घातला होता. महिन्याभरात चौकटीसकट देणार आहेत.

पत्राचं उत्तर दे. नुसतं जिवंत आहे एवढं लिहिलंस तरी चालेल. बापावर राग असला तरी लोभ सोडू नकोस.

तुझा,
बाबा

——

सोल,
ता. २९ मार्च २०१३

ती. बाबांस,
मिरिमचा शि. सा. न. वि. वि.

आत्याने सांगितलं हे मला माहीत आहे. तिला बोलू नका. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि आता मलाही नीट बोलता येत नाही. ओठ जुळवून म्हणायची अक्षरं निसटतात. त्यात बाबा हा शब्दही येतो. तेव्हा पत्रच बरं.

ऑपरेशन मे महिन्याच्या सोळा तारखेला ठरलं आहे. मला एका गोष्टीची गरज आहे, म्हणून लिहिते आहे. तिथे विचारतात की आधी चेहरा किती भरलेला होता, कुठे किती हाड होतं. आधीचा एक फोटो आणा म्हणतात. माझ्याकडे एकही नाही. मी सगळे कापले, फोनमधले पुसले. तेव्हा वाटलं होतं की ती मुलगी संपली, आता तिचा पुरावा कशाला. कुणाकडे तरी एखादा असेल. शाळेत, मुखियाकडे, कुणाच्या साठीच्या समारंभात. शोधा आणि पाठवा.

येऊ नका. मला थांबवूही नका. तुम्हाला कळणार नाही. मी तोंड धुते तेव्हा दुसऱ्या कुणाची हनुवटी धुतेय असं वाटतं. सूप प्यायले की डावीकडून खाली गळतं आणि समोरच्याच्या तोंडाकडे पाहून मला ते कळतं. मागच्या आठवड्यात जेवताना ओठ चावला गेला, मला पत्ताच नाही, भात लाल झाला तेव्हा दिसलं. बसमध्ये माझ्याहून मोठ्या बायका मला जागा देतात. खोलीतल्या आरशावर मी कॅलेंडर टांगलं आहे. असं आणखी चाळीस वर्षं जगायचं असेल तर ते मला जमणार नाही. म्हणून सोळा तारीख.

तुम्ही नाव विचारलंत. सोबत एक जुनं पत्र पाठवते आहे. रागावून पाठवत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून. त्यातला पिवळा कागद मी ऑपरेशनच्या दिवशीही खिशात ठेवला होता.

प्रकृतीला जपा. गुडघ्याला शेक द्या.

तुमची,
मिरिम

——

दोलमोरी,
ता. ४ मे २०१३

चि. मिरिम हिस,
बाबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र येऊन महिना झाला. मी पाच वेळा लिहायला बसलो. पाचही कागद चुलीत गेले. हा सहावा आहे, आता तारीख जवळ आली म्हणून पाठवतोच.

तू परत केलेलं पत्र मी वाचलं. अक्षर माझं आहे. मी विसरलो होतो असं म्हणालो तर ते खोटं होईल. विसरलो नव्हतो. तू आलीस आणि फोटो कापून गेलीस, त्या दिवसापासून मला ते पत्र आठवत होतं, आणि म्हणूनच मी सगळ्यांना विचारत सुटलो की कुणी भरवलं. मला दुसरं कुणाचं तरी नाव हवं होतं.

ते पत्र लिहिलं तेव्हा तू सात ठिकाणी मुलाखती दिल्या होत्यास आणि सातही ठिकाणी नकार आला होता. अर्जावर फोटो लावावा लागतो हे तू म्हणाली होतीस. मला झोप येईना. मी तुझा तो फोटो घेऊन बाजाराच्या दिवशी तोंड वाचणाऱ्याकडे गेलो. तो पुलाच्या टोकाशी चटई टाकून बसतो. त्याने फोटो उन्हात धरला आणि म्हणाला, मागून पाहिलं तरी कानाखाली जबडा दिसेल असा हा चेहरा आहे, पुरुषाला चालतो, बाईच्या हातात यामुळे नोकरी टिकत नाही आणि नवराही टिकत नाही. मी घाबरलो. उतारा मागितला. त्याने पिवळ्या कागदावर लाल शाईने लिहून दिलं. तो कागद तुला पाठवून मी गप्प बसायला हवं होतं. पण मी सगळं लिहिलं. आणि खाली माझ्या मनचं एक वाक्य घातलं, की तुझ्या आईचा जबडा तुला मिळाला असता तर बरं झालं असतं.

मी उतारा पाठवला, मिरिम. मला वाटलं तू तो उशीखाली ठेवशील आणि काम होईल. तू ते वाक्य उशीखाली ठेवशील हे मला कळलं नाही. चारचौघांत तुझ्या जबड्याची बढाई मारणारा मीच आणि पत्रात तो नको म्हणणाराही मीच. असल्या बापाचं काय करावं ते तू ठरव.

तुझा फोटो शोधला. शाळा बंद पडून सहा वर्षं झाली, मुलंच उरली नाहीत, कपाटं कुणीतरी नेली. मुखियाकडे त्याच्या साठीच्या समारंभाचा एक फोटो निघाला. त्यात तू मागच्या रांगेत आहेस, पण नेमका पुढच्याने पेला उंच केला आहे. तुझे केस आणि एक कान दिसतो. मुखियाची बायको सगळी खोकी उपसून माझ्याबरोबर बसली होती. मी तिला मूर्ख म्हणत असे, आता म्हणणार नाही.

म्हणून हा फोटो पाठवतो आहे. तो माझा आहे.

आधी कल्याण केंद्राने चौकट आणून दिली तेव्हा मी ओळखलंच नाही. म्हटलं, हा कोण चुलता. तिथल्या मुलीने संगणकावर माझा जबडा दोन्ही बाजूंनी कमी केला होता. म्हणाली, आजोबा, छान दिसावं म्हणून सगळ्यांचंच करते, कुणाच्या सुरकुत्या काढते, कुणाचे डाग काढते, कुणीच तक्रार केली नाही. मी तिला म्हटलं, माझा जबडा परत लावा. ती हसली. मी पुन्हा म्हटलं. माझा आवाज चढला असावा, कारण बाकीचे म्हातारे पत्ते खेळायचे थांबले. मी म्हटलं, माझी बायको आठ वर्षांपूर्वी गेली. मी तिकडे गेल्यावर ती कुणाची वाट बघत असेल, याची का? त्या पोरीला मी रडवलं. मग मीही रडलो. दहा दिवसांनी तिने दुसरा काढून आणला, जसा आहे तसा. त्याबद्दल तिला शेवाळ दिलं.

तुझं तोंड कसं होतं असं डॉक्टरने विचारलं तर हे दाखव. दाढीचे खुंट आणि सुरकुत्या वजा केल्या तर ते हेच होतं. बाकी मी काही मागत नाही. मागायचा हक्क राहिला नाही. फक्त सोळा तारखेआधी आणखी एका डॉक्टरला विचार, ज्याला तुझ्याकडून काही विकायचं नाही अशाला. आत्याला सोबत ने. मग तू जे ठरवशील ते.

वीस जूनला तुझ्या आईचं श्राद्ध आहे. जमलं तर लोभ ठेव.

तुझा,
बाबा

——

सोल,
ता. १५ मे २०१३

ती. दादास,
पिल्नामचा सा. न. वि. वि.

तुला अक्कल आहे का? चौऱ्याहत्तर वर्षांचा झालास, श्राद्धाला वाटी कुठल्या दिशेला ठेवायची यावरून आम्हाला शिकवतोस, आणि मेल्यावर लावायचा फोटो पोस्टाने पाठवतोस? चौकटीत घालून? वरून पांढऱ्या कापडात गुंडाळून?

मिरिम ते पुडकं न उघडता दुकानात घेऊन आली. तिला वाटलं तिचा जुना फोटो सापडला. दुपारची वेळ, चार गिऱ्हाइकं उभी, मी तिळाची पानं मोजत होते. तिने कापड सोडलं. आतून तू निघालास, काळ्या चौकटीत, कोट घातलेला, टाय वाकडा. तिने पत्र पाहिलंच नाही. तिला वाटलं तू गेलास आणि गावाने कळवलं. दादा, ती जी ओरडली ते मी या जन्मात विसरणार नाही. बाबा म्हणून ओरडली. ओठ जुळत नाहीत म्हणते ना, तेव्हा नीट जुळले. श्वास घुसमटला म्हणून तिने मास्क ओढून फेकला आणि भर बाजारात जमिनीवर बसून रडत राहिली. गाल उतरल्यापासून पहिल्यांदाच एवढ्या लोकांनी तिचं उघडं तोंड पाहिलं असेल. मी पण रडायला लागले, मला तरी काय माहीत. खाऱ्या माशांची बाई पाणी घेऊन धावली. तिनेच खाली पडलेलं पत्र उचललं आणि म्हणाली, अहो, मेलेला माणूस कधी पत्र लिहितो का, यावर चार तारीख आहे.

मग मिरिमने पत्र वाचलं, तिथेच मुळ्यांच्या टोपलीवर बसून. दोनदा वाचलं. मला वाचायला दिलं नाही. एकदा अर्ध्या तोंडाने हसली, तुझ्या जबड्याच्या भांडणाला हसली असणार. उरलेल्या अर्ध्या तोंडाने काय केलं ते मी सांगत नाही. मास्क धुळीत पडला होता, तो तिने तसाच राहू दिला.

परवा आम्ही विद्यापीठाच्या इस्पितळात गेलो. जबड्याच्या विभागात एक वयस्क डॉक्टरीणबाई आहे, केस पांढरे, बोलणं कोरडं. मला आधी ती आवडली नाही. मिरिमने तुझा फोटो पुढे केला. बाईंनी तो तिच्या तोंडाशेजारी धरला, बराच वेळ. मग बोटांनी तिचा जबडा चाचपला, फोटो काढले, सगळं पाहिलं. आणि लपवाछपवी न करता सांगितलं. तासलेलं हाड परत येत नाही. आणखी कुणी आता तिथे चिरलं तर जी नस थोडीफार जिवंत आहे तीही जाईल, आणि आतल्या वणांवर भरलेलं काहीच नीट बसणार नाही. गाठ काढता येईल. चरबी भरता येईल, पण वर्षभर थांबून, थोडी थोडी, आणि दर वेळी त्यातली बरीचशी शरीर खाऊन टाकेल. आधीसारखं होणार नाही. आतापेक्षा बरं होऊ शकेल. मिरिमने विचारलं, बधिरपणा? बाई म्हणाल्या, एवढा काळ गेल्यावर मी आशा लावणार नाही, पण दारही बंद करणार नाही. रोज मऊ ब्रशने त्या जागी स्पर्श करा, कुठपर्यंत कळतं त्याची सीमा बघत राहा.

बाहेर आल्यावर मिरिमने चौकट कापडात परत गुंडाळली नाही. बसमध्ये ती तशीच मांडीवर घेऊन बसली. लोकांनी तिला जागा दिली, या वेळी शोक झालाय असं समजून. तिने घेतली. त्या रात्री मला नुसता निरोप आला की सोळा तारीख रद्द केली. पुढे लिहिलं होतं की याचा अर्थ मी ठीक आहे असा नाही. तेव्हा तू उगाच आनंदून गावभर शेवाळ वाटू नकोस. मला तिची अजून भीती वाटते. काल मी तिला माझ्या खोलीत आणून ठेवली आहे. झोपेत दात खाते.

पुढच्या वेळी काही पाठवायचं असेल तर लसूण पाठव.

तुझी धाकटी,
पिल्नाम

——

दोलमोरी,
ता. १ जुलै २०१३

चि. पिल्नाम हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

लसूण पाठवला आहे. पेंढी दोऱ्याने बांधली आहे, बघून शिक.

मिरिम श्राद्धाच्या आदल्या दिवशी आली हे तुला तिने कळवलंच असेल. बसथांब्यावर मी दोन तास आधी जाऊन बसलो होतो. मी ठरवलं होतं की तिच्या पायांकडे बघायचं. पायांकडेच बघत होतो. ती म्हणाली, बाबा, माझे बूट नवे नाहीत. मग वर पाहिलं.

पिल्नाम, तू लिहिलं होतंस तरी मी तयार नव्हतो. मला माझी पोर शोधावी लागली. डोळे आहेत. कपाळ आहे. खाली तिची आई शेवटच्या महिन्यात दिसायची तसं काहीतरी आहे. मी पिशवी उचलायच्या निमित्ताने खाली वाकलो आणि गुडघा धरून तसाच राहिलो. तिने पिशवी माझ्या हातातून घेतली.

माझी चौकट तिने परत आणली. डॉक्टरीणबाईंनी फोटोची नक्कल काढून ठेवली म्हणे. मी खिळा शोधायला लागलो तर तिने चौकट माझ्या हातातून काढून रजयांच्या पेटीत सगळ्यात खाली ठेवली आणि वर बसली.

मुखियाची बायको दुसऱ्याच दिवशी बघायला आली. मी दार अडवून उभा होतो. ती माझ्या काखेखालून डोकावली आणि म्हणाली, सेनापती आली का. मिरिम आतून म्हणाली, आली, पण सेनापतीने राजीनामा दिला. ती बाई म्हणाली, बरं झालं, पगार तरी कुठे मिळत होता, आणि शिंपल्यांचं भांडं ठेवून गेली. रस्त्यात तिने बाहीने डोळे पुसले ते मी पाहिलं.

श्राद्धाला तिने मास्क लावला नाही. दोनदा वाकली आणि दुसऱ्यांदा बराच वेळ कपाळ जमिनीवरच ठेवलं. मी तिला उठवलं नाही. आईशी बोलत असेल, म्हणून मी वाटीतलं मद्य हळूहळू ओतत राहिलो.

जेवताना ती भांड्याशेजारी एक छोटा आरसा ठेवते. हनुवटीवर काही सांडलं तर कळावं म्हणून. दर घासाला आरशात बघते, आणि दर वेळी तिचं तोंड कसं होतं ते मला समोरून दिसतं. चौथ्या दिवशी मी आरसा उचलून फळीवर ठेवला. तिला म्हटलं, तू जेव, मी सांगतो. आता ती समोर बसते आणि तिच्या हनुवटीवर काही असलं की मी माझ्या हनुवटीवर त्याच जागी बोट लावतो. ती पुसते. बोलावं लागत नाही. बधिरपणाला बहिरा बरा पडतो, असं ती म्हणाली. काल माझ्याच हनुवटीवर भाताचं शीत होतं. तिने बोट लावलं तर मला वाटलं ती माझी नक्कल करते आहे, म्हणून मी पुन्हा माझं बोट लावलं. असं दोघांचं बराच वेळ चाललं.

पण सगळे दिवस असे नसतात. दोन दिवस ती उठलीच नाही. एकदा मागच्या न्हाणीत नळ सोडून इतका वेळ राहिली की मी दाराची कडी मोडली. ती नुसती बसली होती. मोडलेली कडी हातात घेऊन मी म्हटलं, कडी सैल होती. त्या न्हाणीला आता कडी नाही. ती घालू नका म्हणाली.

त्या तोंड वाचणाऱ्याकडून घेतलेलं पुस्तक मी मेमध्येच चुलीत घातलं. बाजारात तो पुलाच्या टोकाशी बसतो, मी आता दुसऱ्या बाजूने जातो. एकदा त्याने हाक मारली, आजोबा, पोरीचं काम झालं का. मला ऐकू येत नाही याचा मला प्रथमच उपयोग झाला.

रोज सकाळी आम्ही ब्रशचं काम करतो. शेवाळाला तेल लावायचा मऊ ब्रश मी नवा आणला, त्याला तेल लागू दिलं नाही. ती डोळे मिटून बसते. मी कानापासून खाली ब्रश फिरवत येतो. कळतंय तोवर ती हो म्हणते. मग एक जागा येते जिथे ती गप्प होते. तिथे मी पेन्सिलीने बारीक टिंब करतो आणि दोऱ्याने कानापासूनचं अंतर मापून दोऱ्याला गाठ मारतो. अकरा दिवस गाठ एकाच जागी पडते आहे. मी तिला दोरा दाखवत नाही.

ऑगस्टमध्ये ती इस्पितळात तपासून घ्यायला येईल. तेव्हा तुझ्याकडे राहील. तोवर इथेच. माझ्याकडून काही राहून गेलं तर पोरीला तुझ्या मायेत ठेव.

तुझा,
दादा

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी आज सकाळचं लिहितो. मी नेहमीच्या जागेपाशी पोचलो आणि ती गप्प झाली नाही. त्याच्या खाली, अर्ध्या नखाएवढं खाली, तिने हो म्हटलं. मी ब्रश उचलून पुन्हा लावला. पुन्हा हो म्हणाली. खरोखर कळलं म्हणून हो म्हणाली की माझ्यासाठी म्हणाली, ते बघायला मी तिच्या तोंडाकडे खूप वेळ पाहिलं. मला वाचता आलं नाही. दोऱ्याला गाठ मारली आहे.